पेद्री एवढा दुखापतग्रस्त का होता?

प्रश्न: बार्साची (बार्सिलोना फुटबॉल क्लब) जुनी मॅच बघत होतो, पेद्री काय खेळतो यार! पण मधली दोन-तीन वर्षं हा सारखा बाहेरच असायचा, नशीब खराब की अजून काही?

उत्तर: नशीब कसलं, पिळून काढला पोराला. 2020-21 चा सीझन बघ, क्लब आणि स्पेन धरून 73 मॅच, वय 18! युरो कपची सेमीफायनल हरले आणि दोन-अडीच आठवड्यांत हा टोकियो ऑलिम्पिकला हजर, तिथे सिल्व्हर मिळालं खरं पण नंतर मांडीचे स्नायू बोंबलले ते बोंबललेच.

उत्तर: +1. त्याच वर्षी गोल्डन बॉय आणि कोपा ट्रॉफी, तरुण खेळाडूंचे दोन्ही अवॉर्ड घेतले हेही सांगा की. आणि लास पाल्मास क्लबकडून बार्साने घेतला फक्त 50 लाख युरोला, आजच्या बाजारात चणे-फुटाणेच. रिअल माद्रिदने तर ट्रायलला बोलावून परत पाठवलेला 😂

उत्तर: युरो 2024 ला जर्मनीच्या क्रूसने आडवा केला आणि आठव्याच मिनिटाला बाहेर गेला तेव्हा वाटलं परत तेच रडगाणं. पण बार्साला फ्लिक कोच म्हणून आल्यावर स्पॅनिश लीगच्या 38 पैकी 37 मॅच खेळला ना भाऊ, आणि लीगही जिंकली.

प्रश्नकर्ता: 73?? बापरे, आमच्या ऑफिसात एवढ्या सुट्ट्यापण नसतात.