‘चेर्नोबिल’ मालिका: नाट्यासाठी घेतलेली मोकळीक आणि किरणोत्सर्गाबद्दलचा गैरसमज

पाणकावळा (धागाकर्ता)

एचबीओ आणि स्काय या वाहिन्यांची २०१९ सालची ‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची मालिका मी नुकतीच दुसऱ्यांदा पाहिली. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत काय बिघडले, हे शेवटच्या भागात लाल-निळ्या पाट्या लावून ज्या सोपेपणाने समजावले आहे, त्याला दाद द्यायलाच हवी. नाट्यासाठी घेतलेल्या मोकळिकीबद्दलही माझी तक्रार नाही. ऑक्टोबरमध्ये कोसळलेले हेलिकॉप्टर पहिल्याच दिवसांत कोसळताना दिसते, खटल्याला हजर नसलेले शास्त्रज्ञ लेगासॉव्ह तिथे साक्ष देतात आणि उलाना खोम्युक हे अणुशास्त्रज्ञाचे पात्र तर काल्पनिकच आहे, जे मालिका स्वतः कबूल करते.

माझा आक्षेप अग्निशामक जवान वसिली इग्नातेन्को आणि त्याची गरोदर पत्नी यांच्या कथानकाला आहे. तिसऱ्या भागात रुग्णाला शिवणेच जणू घातक असल्यासारखे दाखवले आहे आणि पुढे खोम्युकच्या तोंडी असे वाक्य आहे की किरणोत्सर्गाने आईचा जीव गेला असता, पण पोटातल्या बाळाने तो शोषून घेतला. उन्हात करपलेल्या माणसाला हात लावल्याने आपण करपत नाही, तसेच बाहेरून मारा झालेल्या शरीराचे असते. धोका असतो तो कपड्यांवर आणि कातडीवर बसलेल्या किरणोत्सारी धुळीचा, आणि ती कपडे काढून अंग धुतल्यावर बहुतांशी निघून जाते. अशा रुग्णाची अस्थिमज्जा निकामी झालेली असते, त्यामुळे प्लास्टिकचा पडदा असतो तो मुख्यतः आपल्याकडचे जंतू त्याच्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून. मॉस्कोत या रुग्णांवर उपचार करणारे अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गेल यांनीही मालिकेवर हाच आक्षेप घेतला होता.

ही बारीकसारीक चूक आहे असे मला वाटत नाही. अपघातानंतर ग्रीसमध्ये, जिथे पोहोचलेली मात्रा अत्यल्प होती, केवळ भीतीपोटी सुमारे २,५०० हव्या असलेल्या गर्भांचा गर्भपात झाल्याचा अंदाज १९८७ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

सांजवारा

आपला मुद्दा शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असला, तरी मालिकेवर तो लादणे मला अन्यायाचे वाटते. ही मालिका किरणोत्सर्गाबद्दल नसून खोटेपणाबद्दल आहे. ३.६ रॉन्टजेन (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) हा आकडा सगळे जण पुन्हा पुन्हा उच्चारतात, कारण हाताशी असलेल्या मापकाचा काटा त्याच्या पलीकडे जाऊच शकत नव्हता, आणि त्यापलीकडचे जाणून घेण्याची वरिष्ठांची इच्छा नव्हती. केंद्राशेजारच्या प्रिप्यात शहरातले सुमारे ४९,००० लोक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच राहिले आणि मुले रस्त्यावर खेळत होती. ज्या व्यवस्थेने आपल्याच माणसांना काही सांगितले नाही, तिथे त्या पत्नीला जे ऐकवले गेले आणि जे तिने मानले, तेच पडद्यावर यायला हवे. आजच्या वैद्यकशास्त्राने तिच्या आठवणी दुरुस्त करणे हे नाटककाराचे काम नव्हे.

ग्रीसचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. ती भीती कोणत्याही मालिकेने पसरवली नव्हती. विश्वासार्ह माहिती वेळेवर न मिळाल्याने ती पसरली.

कोयनाकाठ

सांजवारा, ते वाक्य पत्नीच्या तोंडी असते तर मी आपल्याशी सहमत झालो असतो. पण ते अणुशास्त्रज्ञ असलेल्या पात्राच्या तोंडी आहे, आणि प्रेक्षक त्या पात्रावर सर्वाधिक विश्वास ठेवतात. दुसऱ्या भागातल्या स्फोटाच्या इशाऱ्याचेही तसेच. भट्टीखालच्या पाण्यात वितळलेले इंधन पडले तर दोन ते चार मेगाटनांचा स्फोट होईल, असे तीच शास्त्रज्ञ सांगते. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. म्हणजे वाफेच्या स्फोटातून किमान सव्वाशे हिरोशिमा! वाफेचा स्फोट झालाच असता तर तो भयंकर आणि किरणोत्सारी असता, यात शंका नाही, पण त्याची जात वेगळी आणि आकार कितीतरी लहान. ते पाणी सोडून देण्यासाठी त्यात उतरलेले केंद्रातले तिघेही त्या मोहिमेतून जिवंत परतले आणि पुढे अनेक वर्षे जगले, हे मालिका शेवटच्या पाट्यांमध्ये प्रामाणिकपणे सांगते. मात्र तोवर प्रेक्षकाने त्यांना मनातल्या मनात मूठमाती दिलेली असते.

जैतापूरचा विषय निघाला की हीच दृश्ये पुरावा म्हणून पुढे केली जातात, हे मी स्वतः अनुभवले आहे. तिथल्या प्रकल्पाला विरोध करण्याची जमीन, मासेमारी, खर्च अशी ठोस कारणे आहेत. त्यासाठी बंदिस्त काँक्रीटचे कवच नसलेल्या आणि नियंत्रक कांड्यांची (भट्टीतली अणुविक्रिया आवरणाऱ्या कांड्यांची) टोके ग्राफाइटची असलेल्या सोव्हिएत भट्टीची उसनवारी कशाला करायची?

निरगुडी

मी रुग्णाची नातेवाईक म्हणून लिहिते. आईला बाहेरून किरणोपचार दिले जात होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी महिनाभर नातवंडांना आमच्याकडे पाठवले नव्हते. धागाकर्त्यांनी मांडलेली तक्रार मला म्हणूनच पटते. मात्र ‘धुतले की प्रश्न मिटला’ हा नियमही सरसकट लावू नये. थायरॉइडच्या कर्करोगासाठी जास्त मात्रेत आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी आल्यावरही लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना जवळ घेऊ नका असे सांगतात, कारण तिथे स्रोत शरीराच्या आत असतो. चेर्नोबिलच्या जवानांच्या पोटातही काही किरणोत्सारी द्रव्ये गेली होतीच. प्रश्न मात्रेचा आहे, आणि मात्रा ही गोष्ट पडद्यावर दाखवायला फार अवघड आहे. भाजलेला चेहरा दाखवणे तुलनेने सोपे.

पाणकावळा (धागाकर्ता)

निरगुडीताई, दुरुस्ती मान्य. आयोडीनचा विषय आपण काढलात, म्हणून माझी दुसरी, आणि कदाचित मोठी, तक्रार मांडतो. तीव्र किरणोत्सर्गाचा आजार १३४ जणांना झाला आणि त्यांपैकी २८ जण त्याच वर्षी गेले; मालिकेचे बरेच दुःख त्यांच्याभोवती आहे. सर्वसामान्य लोकांमध्ये सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झालेले नुकसान मात्र मुलांच्या थायरॉइडच्या कर्करोगाचे आहे. २००५ पर्यंत असे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. सुदैवाने त्यांतले बहुतेक बरे झाले. कारण होते गवतावर पडलेले आयोडीन, ते गवत खाणाऱ्या गाई आणि ते दूध पिणारी मुले. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. काही आठवडे ते दूध थांबवले असते, तर यातले बरेचसे टळले असते. इतकी साधी, घरगुती आणि संतापजनक गोष्ट मालिकेने सोडून दिली.

सांजवारा

सोडून दिलेली नाही! चौथा भाग पुन्हा पाहा. गाय सोडून जायला नकार देणारी म्हातारी, तिची सांडलेली बादली आणि गाईला घातलेली गोळी, हे दृश्य त्याच दुधाचे आहे. दुसऱ्या भागात खोम्युक आयोडीनच्या गोळ्या देते, आणि शेवटच्या पाट्यांमध्ये मुलांमधील कर्करोगाचा उल्लेखही आहे.

पाणकावळा (धागाकर्ता)

दृश्य आठवते आणि ते अप्रतिम आहे. पण ती बादली का उपडी केली, हे त्या दृश्यात म्हातारीलाही कोणी सांगत नाही आणि प्रेक्षकालाही नाही. नियंत्रक कांड्यांसाठी लाल-निळ्या पाट्या लावणाऱ्या मालिकेला दुधासाठी चार वाक्ये जड नव्हती. बाळाने किरणोत्सर्ग शोषला, हे सांगायला मात्र तिने शास्त्रज्ञ उभी केली.