निबंधात विरोधी मत मांडलं की माझीच बाजू पडते, मदत हवी

एम.ए.चा ३,००० शब्दांचा निबंध लिहितोय, मराठीतच. भूमिका अशी: जळगाव-धुळ्याकडच्या अहिराणी घरांतल्या मुलांना पहिली-दुसरीत अहिराणीतून शिकवावं. घरी 'मनं पुस्तक' म्हणणारं पोर शाळेत एकदम 'माझं पुस्तक'वर येतं, तिथून सुरुवात केलीय. आधाराला घटनेचं कलम ३५०-अ (भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय) आणि मातृभाषेतून शिकवण्यावर भर देणारं २०२० चं शैक्षणिक धोरण आहे.

समोरचे दोन मुद्दे सांगतात. अहिराणी मराठीचीच बोली आहे. यावर उत्तर आहे, जनगणनेत ती खान्देशी या वेगळ्या भाषेखाली मोजतात. (अर्थात जनगणनेने भाषा ठरते का, हाही प्रश्नच.) दुसरा मुद्दा अवघड: अहिराणी गावागणिक बदलते, मग पुस्तक कुठल्या अहिराणीत छापणार? हा मला स्वतःलाच बराचसा पटतो.

आधी शेवटी एकच परिच्छेद टाकला, 'काहींच्या मते… पण ते चूक आहे'. सर म्हणाले, हे बुजगावणं आहे, स्वतः उभं करून स्वतःच पाडलंस. मग विरोधी बाजू जीव ओतून लिहिली, ती ९०० शब्दांवर गेली. आता सर विचारतात, तू नेमका कुणाच्या बाजूने? प्रत्येक मुद्द्यात 'जरी-तरी' पेरूनही पाहिलं, वाचताना ठेचा लागतात.

विषय बदलता येणार नाही, पाहणीला वेळ नाही, दहा दिवस उरलेत. व्याकरण तपासून नकोय.

जो आक्षेप अर्धा खरा आहे, तो मान्य करून आपली भूमिका 'पुस्तक नको, निदान तोंडी शिकवणं अहिराणीत हवं' अशी आखडती घ्यावी का? घेतली, तर ते सुरुवातीच्या विधानातच सांगायचं की आक्षेपाला उत्तर देताना?