भटकंती कमी, बॅगा भरणं जास्त

‘दोन वर्षांत तीन देश म्हणजे खगोलभौतिकी नावाला, भटकंतीच फार’ असं वर कुणीतरी लिहिलंय. मी अ‍ॅस्ट्रोमुंडसमधून, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांच्या खगोलभौतिकीच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमातून गेलोय, म्हणून राहवलं नाही. इन्सब्रुक, पादोवा, रोम, ग्योटिंगेन, बेलग्रेड अशी पाच विद्यापीठं मिळून तो चालवायची; १२० क्रेडिट आणि शेवटी प्रबंध. भटकायला वेळ कुठला?

पादोवाच्या आझियागो वेधशाळेत १९४२ सालची १२२ सेंटिमीटरची दुर्बीण आहे. तिथे ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे रंगांत विभागलेला त्याचा प्रकाश, पडद्यावर उमटताना पाहिला आणि पुस्तकातल्या हायड्रोजनच्या रेषा पहिल्यांदा ‘आपल्या’ वाटल्या. बोटं मात्र पार गारठली होती!

खरा ताप कागदपत्रांचा. एका देशात रहिवासी परवाना हातात पडला तेव्हा सत्र संपायला तीन आठवडे उरले होते. शिवाय सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, म्हणून बेलग्रेडसाठी व्हिसाचं वेगळं बघायचं.

आता याच धर्तीवर ‘मास’ हा अभ्यासक्रम आहे: रोम तोर व्हेरगाता, बेलग्रेड, ब्रेमेन, नीस. अर्ज करणाऱ्यांनी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधीच पक्की करा. आणि खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा कधी हाताळला असेल, तर ते अर्जात अगदी वर लिहा, तळाला नको. तीस अँटेनांची ती दुर्बीण तिकडच्या प्राध्यापकांना चांगली ठाऊक असते.