प्रोब फेल झाला तर ठीक, पण मशीन का झोपतं?

तुझ्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये चिप आयडी वाचता आला नाही की प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं सुरुवातीचं फंक्शन) एरर देतो आणि तेव्हाच कर्नल ऊप्स (कर्नलचा क्रॅश) येतो, तेही दर वेळी नाही, असं म्हणतोयस ना, मग मला तरी आयआरक्यूचाच (हार्डवेअरच्या इंटरप्ट लाइनचाच) संशय आहे. वरच्या उत्तरांत सगळे नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी) टाक म्हणतायत, पण त्याने रोग फक्त झाकला जाईल. तू आयआरक्यू डेव्हएमवाल्या (घेतलेलं कर्नल आपोआप सोडतो अशा) फंक्शनने घेतलास, ते बरोबरच आहे, पण गोम अशी की तो सुटतो प्रोब रिटर्न झाल्यावर, आणि तू त्याआधीच एररच्या गोटो लेबलवर, म्हणजे साफसफाईच्या कोडमध्ये, क्लॉक (ज्यावर रजिस्टरं चालतात तो घड्याळ-सिग्नल) हाताने बंद करून मोकळा होतोस. तेवढ्या फटीत, लाइन शेअर्ड असेल तर शेजारच्या डिव्हाइसचा इंटरप्ट येतो, तुझा हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) क्लॉक नसलेल्या रजिस्टरला हात लावतो, एआरएम प्रोसेसरवर बस एरर म्हणजे एक्स्टर्नल अ‍ॅबॉर्ट, खेळ खलास.

क्लॉकपण डेव्हएमनेच घे आणि आयआरक्यूच्या आधी घे, सोडताना क्रम उलटा लागतो त्यामुळे आधी आयआरक्यू जाईल मग क्लॉक. आणि चिप रिसेट करून तिचे इंटरप्ट मास्क (बंद) केल्याशिवाय आयआरक्यू मागूच नकोस रे, हे मी स्वतः दोन रात्री घालवून शिकलोय 😅

टेस्टला कर्नलच्या कॉन्फिगमध्ये डीबग_एसएचआयआरक्यू चालू कर, शेअर्ड हँडलर काढताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट मारतो, हँडलर कच्चा असेल तर तिथेच पितळ उघडं पडतं.

बाकी आयओरीमॅपचा (चिपची रजिस्टरं मेमरीत मॅप करणाऱ्या फंक्शनचा) रिटर्न नलशी तपासलायस, डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स नल देतच नाही, एरर पॉइंटर (पॉइंटरच्या रूपात एरर कोड) देतं, तिथे इझ_ईआरआर लाव. आणि लॉगमधला उणे ५१७ म्हणजे प्रोब डिफर (लागणारं काही अजून तयार नाही, कर्नल नंतर परत प्रयत्न करेल), तो क्रॅश नाही, प्रोबमधून तसाच वर जाऊ दे.