जपानी आणि व्हिएतनामी: शेजार वाढला, सोयरीक वाढेल का?

नागोयाकर

मी गेली नऊ वर्षे आइची प्रांतात, नागोयाच्या बाहेर असलेल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात दर्जा-तपासणीचे काम करतो. मी आलो तेव्हा आमच्या पाळीत परदेशी म्हणजे मी आणि दोन ब्राझिली, एवढेच होतो. आज जेवणाच्या खोलीत तीन टेबले व्हिएतनामी मुलामुलींनी भरलेली असतात. गेल्या महिन्यात प्रेस मशीनवर नव्याने आलेला, जेमतेम एकवीस वर्षांचा एक मुलगा भिंतीवरच्या पाटीकडे बघून घुटमळला. तिच्यावरची दोन चित्राक्षरे त्याला वाचता येत नव्हती. शेजारच्या निवृत्तीला आलेल्या जपानी कामगाराने पाटीवर बोट ठेवून 'चूई' असा उच्चार केला आणि मुलगा एकदम हसला, कारण 'लक्ष दे, सावध राहा' याला त्याच्या भाषेतही जवळपास तोच शब्द आहे, 'चू ई'. म्हातारबुवांनाही गंमत वाटली. पण तासाभराने जेवणाची घंटा झाली तेव्हा ते दोघे नेहमीसारखे आपापल्या टेबलावर, एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

२०१२ च्या अखेरीस जपानमध्ये साधारण ५२ हजार व्हिएतनामी राहत होते. २०२४ च्या अखेरीस हा आकडा ६ लाख ३४ हजारांवर गेला आणि चिन्यांनंतर दुसरा क्रमांक त्यांचाच लागतो. एवढी माणसे एवढ्या थोड्या काळात शेजारी येऊन राहिली, तर त्यातून दोन समाज खरोखर जवळ येतात, की पगाराचा हिशेब जुळतो तोपर्यंतच हा सहवास टिकतो? सरकारी मैत्रीच्या घोषणा मला ठाऊक आहेत. मला माणसांविषयी विचारायचे आहे. (व्हिएतनामने शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवले, हा ढकलसंदेश कृपया या धाग्यावर चिकटवू नये. तो सर्वांना आलेला आहे.)

---

जुनी बखर

आपण विचारता ती जवळीक नव्याने सुरू होते आहे असे नाही, ती मध्येच तुटलेली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी अधिपतीच्या, लाल मोहरेचे परवाने घेतलेली जपानी गलबते मध्य व्हिएतनाममधल्या होई आन बंदरात जात असत आणि तिथे जपान्यांची स्वतंत्र वस्ती होती. नागासाकीचा व्यापारी अराकी सोतारो याने तिथल्या न्गुयेन अधिपतींच्या घराण्यातली कन्या १६१९ मध्ये विवाह करून नागासाकीला आणली. गावकरी तिला 'आनिओ-सान' म्हणू लागले. नागासाकीच्या कुंची उत्सवात ही आठवण जपणाऱ्या मोहल्ल्याची पाळी दर सात वर्षांनी येते, तेव्हा लाकडी गलबतावर त्या नवराबायकोच्या वेषातली लहान मुले बसवून त्यांची मिरवणूक आजही निघते. १६३५ मध्ये शोगुनने जपान्यांना परदेशी जाण्यास आणि परदेशातून परतण्यास बंदी केली आणि होई आनची जपानी वस्ती हळूहळू विरून गेली.

मागे राहिला तो छपराचा पूल, जो व्हिएतनामच्या वीस हजार डोंगच्या नोटेवर छापलेला आहे. त्याची दंतकथा आपल्या वाचकांना आवडेल: एक महाकाय जलचर जमिनीखाली पसरलेला असून त्याचे डोके भारतात, पाठ होई आनला आणि शेपूट जपानात आहे, तो हलला की भूकंप होतो, म्हणून त्याच्या पाठीत खिळा ठोकावा तसा हा पूल बांधला. जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने झालेली पुलाची दुरुस्ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये संपली, तेव्हा पूल फारच नवा कोरा दिसतो म्हणून व्हिएतनामी लोकांनी समाजमाध्यमांवर बरीच कुरकुर केली. माझ्या मते ती कुरकुर हे आपलेपणाचेच लक्षण होते, कारण परक्याच्या वास्तूचा रंग बदलला म्हणून कोणी हळहळत नाही.

तथापि पूल आणि राजकन्या यांचा उपयोग हल्ली मुख्यतः मंत्र्यांच्या भाषणांत होतो. मला त्याहून मोलाची वाटते ती व्हिएतनामी क्रांतिकारक फान बोई चाउ यांची हकीकत. १९०५ मध्ये जपानने रशियाला नमवले तेव्हा आपल्याकडे जशी उमेद जागली तशी तिकडेही जागली आणि व्हिएतनामवर राज्य करणाऱ्या फ्रेंचांविरुद्ध लढण्याचे शिक्षण घेण्यासाठी त्यांनी सुमारे दोनशे तरुण जपानला नेले. त्या चळवळीला 'डोंग झू', म्हणजे पूर्वेकडची यात्रा, असे म्हणतात. जपान सरकारने १९०७ मध्ये फ्रान्सशी करार केला आणि १९०९ पर्यंत या सर्वांना देशाबाहेर काढले. त्या काळात असाबा साकितारो नावाच्या एका डॉक्टरने, कसलाही स्वार्थ नसताना, फान यांना १७०० येन काढून दिले. पुढे १९१८ मध्ये फान परत आले तेव्हा डॉक्टर वारले होते. त्यांच्या गावी, शिझुओका प्रांतात, स्मारकाचा दगड उभारण्यासाठी फान यांच्याजवळचे पैसे पुरेनात, तेव्हा गावकऱ्यांनी हातभार लावला. तो दगड आजही उभा आहे. सरकार आणि समाज या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, असे मी म्हणतो ते यासाठी.

एक जखम मात्र सांगितलीच पाहिजे. १९४० ते १९४५ या काळात जपानी सैन्य व्हिएतनाममध्ये होते आणि १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तरेकडे किमान चार लाख, काही अंदाजांनुसार वीस लाख माणसे उपासमारीने मेली. सैन्यासाठी उचललेला तांदूळ आणि भाताच्या जागी सक्तीने लावलेला ताग ही त्याची कारणे होतीच. वादळे, पूर, फ्रेंच प्रशासन आणि बॉम्बफेकीने तुटलेली वाहतूक हीही होती. तरी कोरियात किंवा चीनमध्ये जपानविषयी जो राग दिसतो तो व्हिएतनाममध्ये दिसत नाही. मार्च १९४५ पर्यंत कारभारी फ्रेंचच राहिले, नंतरची तीस वर्षे फ्रेंच आणि अमेरिकी युद्धांनी व्यापली आणि हनोईच्या सरकारनेही मागचे मिटवून पुढे पाहण्याचे धोरण ठेवले. युद्धानंतर काही जपानी सैनिक फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतमिन्हच्या बाजूने तिथेच राहिले, त्यांनी संसार थाटले आणि १९५४ पासून त्यांना परत पाठवण्यात आले तेव्हा बायकामुले मागे राहिली. २०१७ मध्ये सम्राट अकिहितो हनोईत गेले तेव्हा या वृद्ध पत्नींना भेटले. हा राग न धरण्याचा मोठेपणा व्हिएतनामी लोकांनी दाखवला आहे. जपानी शाळांत त्या दुष्काळाची ओळख किती मुलांना होते, हा प्रश्न जपान्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

---

कांजीवाली

मी पुण्यात जपानी शिकवते, म्हणून 'चू ई'पुरतेच बोलते. दोन्ही भाषांनी शब्दांचा फार मोठा साठा चिनीतून उचलला आहे, जसा मराठी आणि तेलुगूने संस्कृतातून उचलला. 'लग्न' हे जपानीत केक्कोन आणि व्हिएतनामीत केत होन. 'मत' हे इकेन आणि ई किएन. 'व्यवस्थापन' हे कानरी आणि क्वान ली. कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या कागदांवर नेमके हेच शब्द असतात. अडचण एवढीच की व्हिएतनामने चिनी अक्षरे सोडून रोमन लिपी घेतली. अक्षरांवर आधारलेली शेवटची राजपरीक्षा १९१९ मध्ये झाली. त्यामुळे चिनी विद्यार्थ्याला अक्षर कळते पण उच्चार परका असतो आणि व्हिएतनामी विद्यार्थ्याला उच्चार ओळखीचा वाटतो पण अक्षर परके असते. आपल्या प्रेसवरच्या मुलाचे अगदी तेच झाले.

रोजच्या बोलण्यात जपान शिरला तो निराळ्या वाटेने. आपण जसे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत होतो, तसे दक्षिणेत कोणत्याही मोटारसायकलला 'होंडा' म्हणत. नव्वदच्या दशकात 'ओशिन' ही जपानी मालिका तिथे इतकी गाजली की घरकाम करणाऱ्या बाईला 'ओसिन' हा शब्दच रूढ झाला.

खटकते ती एकतर्फी वाट. व्हिएतनाममध्ये शाळकरी मुलेही जपानी शिकतात, पण व्हिएतनामी शिकणारे जपानी फारच थोडे. तोक्यो आणि ओसाका इथल्या विद्यापीठांत त्या भाषेचे विभाग आहेत, तरी नगरपालिकेच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाला दोन वाक्ये येतील अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. ज्याला भाषा शिकावी लागते तो पाहुणा आणि ज्याला शिकावी लागत नाही तो यजमान, असे नाते फार दिवस टिकले की त्याची सवय होऊन बसते.

---

हिशेबनीस

जुनी बखर यांनी लिहिलेले सर्व मनापासून वाचले, पण माझे मत वेगळे आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या गलबतांपेक्षा या मुलांनी जपानला निघण्यापूर्वी घेतलेले कर्ज या प्रश्नात अधिक निर्णायक आहे.

जपानच्या इमिग्रेशन विभागाने २०२२ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींची पाहणी जाहीर केली. तिच्यात व्हिएतनामी मुलांनी मायदेशी एजंट आणि पाठवणाऱ्या संस्था यांना दिलेली रक्कम सरासरी ६ लाख ८८ हजार येन निघाली, तर फिलिपिन्सच्या मुलांची साधारण दीड लाख. याचा अर्थ हा खर्च अटळ नाही. दलाली कोणाकडून घ्यायची आणि कोणाकडून नाही याचे नियम जिथे कडक आहेत तिथे तो कमी होतो. अशा कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलाला मालक बदलण्याचीही मुभा नव्हती, कारण १९९३ पासूनच्या या व्यवस्थेत कामगार एकाच कंपनीला बांधलेला असतो आणि कागदोपत्री तो 'कौशल्य शिकायला आलेला' असतो. मग ओव्हरटाइमचे पैसे बुडाले किंवा सुपरवायझरने हात उगारला, तर मुलगा रात्रीतून निघून जातो. २०२३ मध्ये असे ९ हजार ७०० हून अधिक प्रशिक्षणार्थी बेपत्ता झाले आणि त्यांत निम्म्याहून अधिक व्हिएतनामी होते. वर्तमानपत्रात बातमी येते ती पुढल्या टप्प्याची, म्हणजे अशा बेकायदा ठरलेल्या मुलाने केलेल्या चोरीची. जपानी वाचक व्हिएतनामी माणसाला पहिल्यांदा भेटतो तो तिथे.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. पाच वर्षे प्रशिक्षणार्थी आणि पुढे पाच वर्षे 'विशिष्ट कौशल्य' या व्हिसाची पहिली श्रेणी, अशी दहा वर्षे माणूस जपानमध्ये राहू शकतो आणि त्या काळात बायको-मुले आणू शकत नाही. विशीत आलेला माणूस तिशीत पोहोचतो. शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या पालकांची ओळख होणे, डॉक्टरकडे मुलाला नेणे, गल्लीतल्या सभेला जाणे, या ज्या गोष्टींनी शेजाऱ्याची सोयरीक होते त्या सर्व कायद्यानेच वगळलेल्या आहेत. दुसऱ्या श्रेणीत कुटुंब आणता येते, पण तिथवर पोहोचणारे अद्याप थोडे आहेत.

जून २०२४ मध्ये जुन्या व्यवस्थेच्या जागी नवी आणण्याचा कायदा झाला असून तो एप्रिल २०२७ पासून लागू व्हायचा आहे. त्यात एक-दोन वर्षांनी त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या मालकाकडे जाता येईल. ही सुधारणा चांगुलपणातून आलेली नाही. येन घसरला, कोरिया आणि तैवान तीच मुले मागू लागले, म्हणून ती आली. मला त्यात गैर काही वाटत नाही, कारण गरज दोन्हीकडे असली की वागणूक सुधारते. फान बोई चाउ न्घे आन प्रांताचे. कामगार पाठवण्यात आजही तोच प्रांत आघाडीवर आहे. तेव्हाची मुले देश सोडवायला गेली होती, आताची बापाने गहाण टाकलेली जमीन सोडवायला जातात.

---

पाऊलवाट

मी हनोईत तीन वर्षे काढली, म्हणून दुसऱ्या दिशेचे थोडे सांगतो. तिथे जपान दिसतो तो काँक्रीटमध्ये: लाल नदीवरचा न्हात तान पूल २०१५ मध्ये जपानी कर्जातून झाला आणि हो ची मिन्ह शहराची पहिली मेट्रो, बऱ्याच रखडपट्टीनंतर, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पण तिथले जपानी कुटुंब किम मा रस्त्याच्या आसपास, जपानी दुकान आणि जपानी दवाखाना पायी गाठता येईल अशा अंतरावर राहते आणि चार वर्षांनी बदली झाली की निघून जाते. तेव्हा वेगळे टेबल फक्त नागोयाला मांडलेले नाही.

अपवाद सांगायचा तर न्गुयेन डुक यांचा सांगतो. शरीरे जोडलेल्या अवस्थेत जन्मलेल्या व्हिएत आणि डुक या जुळ्या भावांना १९८८ मध्ये हो ची मिन्ह शहरात जपानी रेड क्रॉसच्या मदतीने वेगळे करण्यात आले. त्यांच्यासाठी जपानमध्ये सामान्य लोकांनी पैसे जमवले होते. व्हिएत २००७ मध्ये वारले. डुक यांना पुढे जुळी मुले झाली, तेव्हा त्यांनी त्यांची नावे फू सी आणि आन्ह डाओ ठेवली, म्हणजे फुजी पर्वत आणि साकुरा.

---

नागोयाकर

सर्वांचे आभार. हिशेबनीस यांचे कर्जाचे गणित मी आमच्या मुलांना विचारून पाहिले. तिघांनी आकडे सांगितले, ते सरासरीहून फार दूर नव्हते, आणि चौथा विषय बदलून निघून गेला.

पाऊलवाट यांच्या टेबलांच्या मुद्द्यावरून आमच्याकडे नुकतेच झालेले सांगतो. जपानने १८७३ मध्ये चांद्र पंचांग सोडले, त्यामुळे व्हिएतनामी नववर्ष, टेट, इथे साध्या कामाच्या दिवशी येते. मुले मशीन बंद करून पाच मिनिटे फोनवर घरच्यांना पाहतात आणि परत कामाला लागतात. यंदा त्या म्हातारबुवांनीच मालकाकडे गोष्ट काढली की या पोरांना दोन दिवस सुटी द्यावी. मालक चांगला माणूस आहे. त्याने लगेच होकार दिला, पण अट घातली की ते दोन दिवस ऑगस्टमध्ये ओबोनच्या सुटीत भरून द्यावेत. मुलांनी नकार दिला. ओबोन म्हणजे पितरांचे दिवस, आपल्या पितृपंधरवड्यासारखे, आणि त्यांचा वू लान हा सणही त्याच बौद्ध परंपरेतला असून बहुधा त्याच सुमारास येतो. त्या सुटीत ती सायतामा प्रांतात होन्जो इथल्या व्हिएतनामी देवळात जातात. मालकाला हे ठाऊकच नव्हते, आणि म्हातारबुवांनाही नव्हते. आता मालक म्हणतो की मग दोन दिवस कुठून आणायचे ते तुम्हीच सांगा. कोणाच्या कंपनीत हा तिढा सुटला असेल तर कसा सुटला ते कृपया लिहावे. पुढच्या सोमवारी पुन्हा बैठक आहे.