झुरळांची जेल मागवली, आल्या उंदरांच्या पट्ट्या

डोंबिवलीची_सून:
ओट्याखाली बारीक तपकिरी झुरळं झालीत, मानेमागे दोन काळे पट्टे. रात्री दिवा लावला की मिक्सरच्या बुडातून पळतात. सासूबाईंना दमा, म्हणून फवारणी नको. झुरळं खाऊन मरतात त्या जेलच्या 2 ट्यूब ऑनलाइन मागवल्या. खोक्यात निघाल्या उंदरांच्या चिकट पट्ट्या! न्यायला कुणी आलंच नाही, तरी अ‍ॅपवर ‘वस्तू परत घेतली’ दिसतंय. पैसेही अडकले. फार हताश वाटतंय.

ओटा_लखलखीत:
ताई, ही जर्मन झुरळं. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगाशी बाळगते; एकेका पिशवीत 30-40 अंडी. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी जेल पुन्हा लावाच. बिजागऱ्या, फ्रीजच्या मोटरची बाजू, सिंकखालचा पाइप, तिथे बारीक ठिपके पुरेत. जवळपास फवारा मारू नका, मग ती जेलला तोंड लावत नाहीत. आणि दम्याचं म्हणाल तर झुरळांची विष्ठा, कात यांनीही तो बळावतो. मेलेली ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

पावती_जपा:
खोकं टाकू नका! लेबल, पट्ट्या, अ‍ॅपवरचा तो शेरा, सगळ्यांचे फोटो काढा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं.

डोंबिवलीची_सून:
खोकं माळ्यावर आहे, लेबलासकट. लेखी तक्रार आत्ताच पाठवली. जेल स्टेशनजवळच्या दुकानातून आणते. मिक्सरच्या बुडात लावली तर चालेल का?

ओटा_लखलखीत:
आत नको. मागच्या भिंतीच्या फटीत लावा.