मदत हवी आहे: स्पिअरगनला रील लावल्यावर बंजी कुठे बांधायचा?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, दादा पर्थला. त्याच्या स्पिअरगनला (पाण्याखाली मासे मारायची भाला-बंदूक) पहिल्यांदाच रील (दोरीची चकरी) लावतोय, व्हिडिओ कॉलवर दोघं मिळून. इकडे समुद्रच नाही, विचारणार कुणाला?

गन ७५ सेंटीमीटरची. शाफ्टला (गनमधून सुटणारा भाला) १.८ मिमी मोनो (नायलॉनची एकपदरी दोरी), क्रिंप केलेली (धातूच्या नळीत दाबून पक्की), गनवर दोन फेरे. रीलवर १.५ मिमी डायनिमा (विणलेली मजबूत दोरी), ५० मीटर. आधी मोनोचं टोक बंजीने (ताणली जाणारी रबरी दोरी) मझललाच (गनचं पुढचं तोंड) बांधलेलं होतं. तसंच ठेवलं तर मासा ओढेल तेव्हा रील फिरणारच नाही, म्हणून सोडवलं. बंजी मोनो आणि डायनिमाच्या मध्ये घातला, तर त्याची जाड गाठ मझलच्या भोकात अडकते. बंजी काढूनच टाकला तर फेरे सैल पडून दोरी लाइन रिलीजवरून (फेरे अडकवायचा खटका) घसरते, ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळला तरी. हे सगळं भाला फेकणारं रबर न ताणता, शाफ्ट हाताने ओढून पाहिलंय. पाण्याबाहेर गन चालवायची नाही हे माहीत आहे.

दादा सिलिंडरशिवाय, श्वास रोखून उतरतो. खाली दोरीचा गुंता झाला तर जिवाशी खेळ, म्हणून काळजी वाटते. नवा रील किंवा दुसरी गन घ्यायची नाही.

बंजी ठेवायचा असेल तर भोकातून सुटी जाईल अशी गाठ कोणती? आणि काढायचा असेल तर फेरे ताठ राहायला मोनो किती आखूड कापावी?